आमच्यामागे याचे कोण?

बुद्धीने मागे राहिलेल्या मुलाच्या आईबापांची झोप एकाच प्रश्नाने उडते : आमच्यामागे याचे कोण? घरी येऊन सांभाळणारे माणूस शोधताना आधी गावातल्या विशेष शाळेतील पालकांना विचारावे. जाहिरातीपेक्षा त्यांचा शब्द खरा. तरण्या मुलाला आंघोळ घालायला बाप्याच हवा, हेही आधीच बोलून घ्यावे. पहिले पंधरा दिवस आपण घरात असावे. मुलगा त्याच्या हातून जेवतो का, ते पाहावे, प्रमाणपत्र मागाहून. आणि मुलाला १८ वर्षे पुरी झाली, की १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घ्यावा. आपण हयात असतानाच. पण आपल्याकडे असल्या कागदाचे नाव काढले, की घरातली वडील माणसे म्हणतात, "अभद्र बोलू नकोस!"