चुलता की काका? यान झेनछिंगचा खोडाखोडीचा कागद

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी या भागाचा लेखी मजकूर. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसंच्या तसं.)

मागे सुलेखनावर एक भाग केला होता, त्यावर एका श्रोत्याने विचारलं होतं की, चिनी वाचता येत नसेल तर चिनी सुलेखनात बघायचं काय? प्रश्न अगदी रास्त आहे. मलाही चिनी वाचता येत नाही. चार-दोन अक्षरं ओळखतो, तेवढंच. पण एका कागदाने मला या प्रश्नाचं थोडंफार उत्तर दिलं, म्हणून आज त्या कागदाबद्दल आणि तो लिहिणाऱ्या माणसाबद्दल बोलणार आहे.

२०१९ चा फेब्रुवारी. कंपनीच्या कामासाठी मी टोकियोत होतो. उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयात एक प्रदर्शन चालू होतं, यान झेनछिंग नावाच्या आठव्या शतकातल्या सुलेखनकाराचं. (उच्चार माझा मराठीच आहे, जाणकारांनी माफ करावं.) ऑफिसातला एक जपानी सहकारी म्हणाला, इथे असताना हे चुकवू नकोस. गेलो. आत एका वस्तूसाठी वेगळी रांग. तासाभराहून जास्त उभा राहिलो. शेवटी काचेसमोर पोहोचलो तर पंढरपूरसारखंच, पुढे चला, पुढे चला. अर्धा-पाऊण मिनिट मिळालं असेल. आणि काचेमागे काय, तर एक तपकिरी पडलेला कागद. साधारण २८ सेंटीमीटर उंच, ७५ सेंटीमीटर रुंद. त्यावर २३ ओळी, आणि चक्क खोडाखोड! शब्द काट मारलेले, बाजूला घुसडलेले, शाई कुठे फासल्यासारखी तर कुठे संपत आलेली. माझ्या शाळेतल्या बाईंनी ही वही तोंडावर फेकली असती.

आणि हाच कागद चीनमध्ये गेली कित्येक शतकं वाहत्या लिपीतला जगातला दुसऱ्या क्रमांकाचा नमुना मानला जातो. युआन काळातल्या श्यानयू शू या सुलेखनकाराने त्याला हा मान दिला. पहिला नंबर वांग शीझीचा, पण त्याची ३५३ सालची मूळ प्रत हरवलीय, आज आहेत त्या नकलाच. म्हणजे हातात असलेल्या अस्सल कागदांत हा पहिलाच म्हणायचा.

आता हा खोडाखोडीचा कागद का, हे कळायला माणूस कळायला हवा.

यान झेनछिंगचा जन्म ७०९ चा. थांग राजवटीचा तो वैभवाचा काळ, राजधानी छांगआन, म्हणजे आजचं शीआन. घराणं विद्वानांचं, पण वडील लवकर गेले, वाढवलं आईने. ७३४ मध्ये तो राजदरबाराची सगळ्यात मानाची परीक्षा पास झाला. पुढे झांग शूकडे शिकला. हा झांग शू म्हणजे दारू पिऊन बेभान लिहिण्यासाठी प्रसिद्ध, आणि त्याचा हा शिष्य मात्र सरळ पाठीचा सरकारी अधिकारी. ७५२ मध्ये त्याने एका स्तूपासाठी शिलालेखाची अक्षरं लिहिली. त्या स्तूपाचं नाव 'द्वोबाओ', म्हणजे आपल्या सद्धर्मपुंडरीक सूत्रातला प्रभूतरत्न बुद्ध. हा लेख आजही शीआनच्या शिलालेख संग्रहालयात आहे, आणि आजही मुलं सुलेखन गिरवायला लागली की बऱ्याचदा याच अक्षरांवरून गिरवतात. घोटीव, नेटकं, एकही अक्षर ओळीबाहेर नाही. हे लक्षात ठेवा, कारण ज्याला सुबक लिहिता येत नव्हतं अशा माणसाची खोडाखोड आपण बघत नाही आहोत.

पंतप्रधान यांग ग्वोझोंगशी त्याचं पटलं नाही, आणि ७५३ मध्ये त्याची रवानगी लांब पिंगयुआनला झाली, प्रांताधिकारी म्हणून. आपल्याकडे गडचिरोलीला बदली करतात ना, तसंच काहीसं. पण हा भाग नेमका सेनापती आन लूशानच्या प्रभावाखाली. आन लूशान बंड करणार हे याने ओळखलं. उघड तयारी केली तर संशय येणार. म्हणून पावसाने भिंती ढासळल्यात असं निमित्त करून तटबंदी दुरुस्त करून घेतली, खंदक खोल केले, कोठारं भरली. आणि वरवर काय? मित्रमंडळी जमवून नौकाविहार, मद्य, कविता. आन लूशानला वाटलं, पुस्तकी माणूस आहे, याच्यापासून काय धोका.

७५५ च्या अखेरीस बंड झालं. हपेइचे जिल्हे पत्त्यासारखे कोसळले. बातमी ऐकून सम्राट श्वानत्सोंग हळहळला की चोवीस जिल्ह्यांत एकही निष्ठावंत निघू नये? तेवढ्यात पिंगयुआनचा दूत पोहोचला. सम्राट म्हणाला म्हणे, हा यान झेनछिंग दिसतो कसा हेही मला माहीत नाही. मला हा प्रसंग फार बोलका वाटतो. ज्याला आपण कोपऱ्यात टाकलं तोच उभा राहिला, आणि त्याचा चेहराही आठवत नाही.

पण एकटा झेनछिंग नव्हता. त्याचा चुलत भाऊ यान गाओछिंग छांगशानला अधिकारी होता. त्याने आधी आन लूशानपुढे वरकरणी मान तुकवली, आणि मग उलटला. दोन भावांमध्ये निरोप नेण्या-आणण्याचं काम करायचा गाओछिंगचा मुलगा, जीमिंग. दोन शहरांमधल्या शत्रूच्या मुलखातून हा पोरगा ये-जा करायचा. त्या निरोपांच्या जोरावर गाओछिंगने थूमन ही मोक्याची खिंड परत मिळवली. पकडलेल्या शत्रूंना राजधानीकडे पाठवलं. वाटेत थाययुआनचा सेनापती वांग छंगये होता, त्याने हे यश स्वतःच्या नावावर खपवलं. आणि पुढे ७५६ च्या सुरुवातीला छांगशानला वेढा पडला तेव्हा याच वांगने मदत पाठवली नाही. दिवस-रात्र लढून शहर पडलं. जीमिंगचा शिरच्छेद झाला. गाओछिंगला लोयांगला नेऊन हाल हाल करून मारलं. मरेपर्यंत तो आन लूशानला शिव्या घालत होता असं इतिहासात लिहिलंय. घरातली तीसहून अधिक माणसं गेली.

दोन वर्षांनी, ७५८ मध्ये, झेनछिंग पूझोऊला अधिकारी असताना त्याने गाओछिंगचा मोठा मुलगा छ्वानमिंग याला नातलगांचा शोध घ्यायला पाठवलं. जीमिंगचं फक्त शिर मिळालं. ते पेटीत घालून आणलं.

चीनमध्ये मृताला नैवेद्य दाखवताना एक मजकूर वाचायची रीत होती. मृताला उद्देशून, ठरलेल्या साच्यात: तारीख, वाचणारा कोण, त्याचं पद काय, मग गुणवर्णन, मग शोक, शेवटी 'नैवेद्य स्वीकारावा'. नवव्या महिन्याच्या तिसऱ्या तिथीला झेनछिंग या मजकुराचा कच्चा खर्डा लिहायला बसला. तोच हा कागद. पक्की प्रत वेगळी, ती विधीसाठी. आपल्याकडे राहिला तो हा खर्डा.

आता बघायचं काय? उजवीकडून सुरू करा, चिनी तसंच वाचतात. पहिल्या काही ओळी शांत आहेत. तारीख आहे, सगळी पदं आहेत, सरकारी थाट आहे. आणि तिथेच दोन गोष्टी घडतात. स्वतःच्या लांबलचक पदवीतलं एक अक्षर तो खाऊन गेलाय. पंचवीसेक वर्षं नोकरी केलेला माणूस, स्वतःचीच पदवी! आणि दुसरं. जीमिंगशी आपलं नातं सांगताना त्याने आधी एक शब्द लिहिला, 'त्सोंगफू'. तो खोडला आणि लिहिलं 'शू'.

दोन्हींचा अर्थ वडिलांचा भाऊच. पण पहिला कागदोपत्री, वंशावळीतला. दुसरा घरात हाक मारायचा. मराठीत सांगायचं तर त्याने 'चुलता' लिहिलं, खोडलं, आणि 'काका' केलं.

हे मला टोकियोत कळलं नव्हतं. नंतर घरी येऊन वाचत बसलो तेव्हा कळलं, आणि मी थोडा वेळ पुढे वाचू शकलो नाही. त्याच्या आदल्याच वर्षी माझे धाकटे काका गेले होते. पेपरात निधनवार्ता द्यायची होती, ती मी लिहिली. साचा तुम्हाला माहीत आहे: अल्पशा आजाराने निधन, त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगा, सून, नातवंडे असा परिवार आहे, अमुक तमुक यांचे ते चुलते होत. मीही 'चुलते' लिहिलं. काकांना आयुष्यात कधी चुलते म्हटलं नव्हतं. लिहिताना खटकलं होतं, पण पेपरात तसंच लिहितात म्हणून दिलं पाठवून. बाराशे साठ वर्षांपूर्वी एका माणसाला तेच खटकलं आणि त्याने काट मारली.

पुढे जाऊ. गाओछिंगचा उल्लेख येतो तिथे परत खोडाखोड. आधी लिहिलं त्यात जबरदस्तीने भाग पाडल्याचा अर्थ होता, म्हणजे भावाने शत्रूपुढे मान तुकवली त्याचं स्पष्टीकरण. ते खोडलं. आता मजकुरात फक्त एवढंच उरतं की त्याने मनापासून निष्ठा निभावली. भावाची सफाई द्यायची गरज नाही, असं त्याने ठरवलं असावं. हा माझा अंदाज. मग मदत न करणाऱ्या त्या सेनापतीकडे येतो. सर्वसाधारणपणे तो वांग छंगयेच मानतात. आधी लिहिलं की हाताशी फौज असून तो आला नाही. मग फौजेचा उल्लेख खोडला, उरलं फक्त, त्या नीच अधिकाऱ्याने वाचवलं नाही. इथपासून अक्षरं मोठी होतात, कुंचल्याचा दाब वाढतो. शाई भरायलाही तो थांबत नाही. कुंचला कोरडा पडेपर्यंत ओढतो, रेघेत केसांचे पांढरे ओरखडे उमटतात, तेव्हा कुठे बुडवतो. वाचता येत नसलं तरी हे दिसतं. काळं, फिकं, खरखरीत, पुन्हा एकदम काळं. माणसाचा श्वास कुठे संपला ते मोजता येतं.

शेवटच्या ओळींत, शिर परत आलं, चांगला दिवस बघून तुझी जागा निवडीन, या भागात अक्षरं जवळजवळ धावतात. काही खोडलेली अक्षरं आजही कुणाला लागत नाहीत.

आता एक आक्षेप, आणि तो मला स्वतःलाच आहे. ही गोष्ट माहीत नसती तर हा कागद मोठा वाटला असता का? की आपण दुःखाला मार्क देतोय? सोंग काळातला मी फू हा फटकळ समीक्षक आणि स्वतः थोर सुलेखनकार, त्याने यानच्या शिलालेखी अक्षरांना कुरूप लिखाणाचा मूळपुरुष म्हटलंय. उलट सू शी आणि ओयांग श्यू यांच्यासाठी अक्षरं आणि माणूस वेगळे काढताच येत नव्हते. सचोटीचा माणूस म्हणून अक्षरही थोर. हे मला पूर्ण पटत नाही. सचोटीची कितीतरी माणसं कोंबडीचे पाय काढतात! पण मजा बघा, हाच मी फू यानच्या वाहत्या लिपीपुढे मात्र मान झुकवतो. ७६४ मध्ये यानने दरबारातल्या आसनक्रमावरून एका बड्या अधिकाऱ्याला खरमरीत पत्र लिहिलं होतं, त्याचाही खर्डाच प्रसिद्ध आहे. तो मी फूला आवडला. मला वाटतं उत्तर इथे आहे. गोष्टीने आपल्याला काचेपर्यंत आणलं हे खरं. पण तीस वर्षं रोज लिहून हात इतका तयार होता, की डोकं ठिकाणावर नसतानाही तो चुकीच्या जागी पडत नव्हता. एकेक अक्षर सुटं काढून बघा, तोल गेलेला नाही. नुसतं दुःख असं लिहू शकत नाही, आणि नुसता सराव तर नाहीच नाही.

त्याचा शेवट पटकन सांगतो. ७८३ मध्ये ली शीलिए नावाच्या दुसऱ्या सेनापतीने बंड केलं होतं. पंतप्रधान लू छीला झेनछिंग नकोसा झाला होता, म्हणून त्यालाच समजूत घालायला पाठवा असं त्याने सुचवलं. वय चौऱ्याहत्तर. सगळ्यांना माहीत होतं काय होणार. ली शीलिएने त्याला आपल्याकडे वळवायचा प्रयत्न केला, मग अंगणात आग पेटवून धमकावलं, तर हा स्वतःच आगीकडे चालत निघाला, लोकांनी धरलं. पंतप्रधानपद देऊ केलं तेव्हा त्याने विचारलं, यान गाओछिंगचं नाव ऐकलंय का? तो माझा भाऊ. ७८५ मध्ये त्याला गळा आवळून मारलं.

तो कागद पुढे सम्राटांच्या संग्रहात गेला, छ्येनलुंगचे शिक्के त्यावर आहेत. विसाव्या शतकात युद्धामुळे राजवाड्यातल्या खजिन्याबरोबर बीजिंगहून हलला आणि तैपेइला स्थिरावला. २०१९ मध्ये तो टोकियोला पाठवला तेव्हा तैवानमध्ये आणि चीनमध्ये, दोन्हीकडे लोक संतापले होते. इतका नाजूक कागद हलवलात कशाला, आणि तोही जपानला? रांगेत माझ्या मागे एक वयस्क बाई होत्या, चिनी बोलत होत्या, बहुधा खास त्यासाठीच आलेल्या. काचेपाशी आल्या आणि हातातला रुमाल तोंडाला लावून उभ्या राहिल्या. कर्मचाऱ्याने पुढे चला म्हटलं नाही. मी तेव्हा त्यांच्याकडेच बघत राहिलो आणि माझी उरलेली काही सेकंदं गेली.

तैपेइच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयाच्या साइटवर या कागदाचं छायाचित्र आहे, मोबाईलवर न बघता मोठ्या पडद्यावर बघा. उजव्या टोकाला, सुरुवातीच्याच ओळींत, ती 'चुलता'वरची काट शोधा. सापडली की मला कळवा. भेटू पुढच्या भागात.