गोष्टीतले सोबती
(वार्षिक पारितोषिक समारंभातील भाषण)

 

शिष्यवृत्ती, नोकरी असे महत्त्वाचे विषय सोडून मी मुलांच्या गोष्टींवर का बोलतो आहे, असे काही पालकांना वाटेल. ज्या घरात पायाने अधू किंवा कानाने कमी ऐकणारे मूल आहे, त्या घराकडे जरा पाहा. डॉक्टर होतात, दुवा-तावीज होतात. पण संध्याकाळी त्या मुलाबरोबर खेळायला कोण येते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. चांगली गोष्ट नेमका तोच प्रश्न विचारते.

जोहाना स्पायरी या स्विस लेखिकेची ‘हायडी’ १८८० व १८८१ साली दोन भागांत निघाली. फ्रँकफुर्टच्या श्रीमंत घरातली क्लारा चाकांच्या खुर्चीत बसून असते आणि तिला सोबत म्हणून डोंगरातली अनाथ हायडी आणली जाते. दोघींची मैत्री अतिशय गोड रंगवली आहे. पुढे क्लारा डोंगरावर येते, तिथल्या हवेत आणि बकरीच्या दुधावर सुधारते आणि अखेर चालू लागते. मला हा शेवट खटकतो. वर्गातल्या ज्या मुलीचे पाय कधीच बरे होणार नाहीत, तिने हे पुस्तक मिटताना काय समजावे? १९११ सालच्या ‘द सीक्रेट गार्डन’मधला कॉलिनही शेवटी चालतोच. जुन्या लेखकांना अपंग मूल आहे तसे ठेवून गोष्ट संपवणे जड जात असावे.

अमेरिकन लेखक रॉडमन फिलब्रिक यांनी १९९३ साली ‘फ्रीक द मायटी’ लिहिली. तिच्यातला मॅक्स अंगाने आडदांड, पण अभ्यासात मागे. लोक त्याला मठ्ठ समजतात. शेजारी राहायला आलेला केव्हिन अगदी ठेंगणा, कुबड्या घेऊन चालणारा आणि बुद्धीने कमालीचा तल्लख. मॅक्स त्याला खांद्यावर घेतो आणि दोघे गावभर हिंडतात. पाय एकाचे, डोके दुसऱ्याचे! केव्हिन त्याला शब्दांची गोडी लावतो. पुढे केव्हिन आजारातच वारतो, आणि ज्याला लिहिता येत नाही असे सारे म्हणत, तो मॅक्स ही हकीकत लिहून काढतो. उपकार कोणी कोणावर केले, हे सांगता येऊ नये, अशी ही मैत्री आहे.

सीसी बेल यांची ‘एल डेफो’ ही २०१४ सालची चित्रकथा त्यांच्या स्वतःच्या बालपणावर बेतलेली आहे. मेंदूज्वराने चौथ्या वर्षी त्यांची श्रवणशक्ती गेली. पुस्तकातली सगळी माणसे सशाच्या रूपात आहेत. लांब कानांचा ससा आणि त्याला ऐकू येत नाही! बाईंच्या गळ्यात माइक आणि सीसीच्या छातीवर यंत्र असते, त्यामुळे बाई वर्गाबाहेर गेल्या तरी त्यांचा आवाज तिला येत राहतो. हे कळल्यावर वर्गात तिचा भाव वाढतो. एक मैत्रीण मात्र तिच्याशी मुद्दाम मोठ्याने आणि एकेक शब्द तोडून बोलते. हेतू चांगलाच, पण सीसीला ते असह्य होते. आपल्यापैकी कितीजण असेच बोलतात! ‘अपंग’ऐवजी ‘दिव्यांग’ म्हणायला आपण शिकलो, पण आवाजातली कीव तेवढ्याने जात नाही.

आपल्याला तर फार दूर जायला नको. हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम (रजि.) हे नेत्रहीन सहाबी. ‘अबस’ ही सूरह त्यांच्याच प्रसंगाने अवतरली, हे आपण मदरशात शिकतो. रसूलुल्लाह (स.) यांनी त्यांना अजान देण्याचे काम दिले होते. हदीसमध्ये येते, की पहाट त्यांना दिसत नसे. ‘सकाळ झाली’ असे लोक सांगत आणि मग ते अजान देत. लोक त्यांना पहाट सांगत आणि ते सगळ्या मदीनेला.

असे असताना आपल्या वस्तीतले एखादे मूल ‘लोक हसतील’ म्हणून घरी बसवले जात असेल, तर काय म्हणावे? २०१६ च्या कायद्याप्रमाणे चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. पालकांनी दाखला काढावा. शाळेने पायऱ्यांशेजारी उतार बांधावा. तो खर्च फार मोठा नसतो.

विद्यार्थी मित्रांनो, ही पुस्तके मूळ इंग्रजी-जर्मन आहेत. धाकट्या भावंडांना ती मराठीत किंवा घरच्या बोलीत सांगा. ‘हायडी’ सांगताना एका जागी थांबा. हायडीचा बकऱ्या राखणारा मित्र पीटर रागाच्या भरात क्लाराची रिकामी खुर्ची उतारावरून ढकलून देतो. त्याने असे का केले, ते त्यांना विचारा आणि उत्तर येईपर्यंत पुढची गोष्ट सांगू नका.