समुद्राची हमाली
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेत माझा विषय छापलाय ‘समुद्री शेवाळातून समृद्धी’. त्यातलं शेवाळ माझं, समृद्धी समितीची. (हशा) माझं म्हणणं एवढंच आहे की शेवाळ विकण्याच्या गप्पा मारण्याआधी ते उचलणार कोण आणि उचलण्याचे पैसे देणार कोण, हे ठरवा.

हे शेवाळ म्हणजे सार्गासम, कोलंबसाच्या खलाशांना १४९२ मध्ये समुद्रात दिसलं होतं तेच. ते तरंगत वाढतं, तुकडा पडला की तुकड्यातूनही वाढतं. २०११ पासून कॅरिबियन बेटांच्या किनाऱ्यांवर त्याचे ढीग लागायला लागले. पश्चिम आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत त्याचा पट्टा पसरतो. जून २०१८ मध्ये त्यात दोन कोटी टनांहून जास्त शेवाळ असल्याचा हिशेब उपग्रहाच्या चित्रांवरून निघाला. ते इतकं का वाढलं, यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत, त्यात आपण नको पडायला.

दोन कोटी टन म्हटल्यावर पहिल्या रांगेतली उद्योजक मंडळी सावरून बसली. बसा, पण ऐका. ताज्या शेवाळात दहातले साडेआठ-नऊ भाग पाणीच असतं. ट्रक भरून तुम्ही नेता काय? समुद्र!

यावरून नोकरीतली एक गोष्ट आठवली, दोन मिनिटांत सांगतो. मी एका नगरपालिकेत घनकचरा विभागात होतो. नाव विचारू नका, पेन्शन चालू आहे. (हशा) ठेकेदाराचं बिल वजनावर निघायचं. ऐन मे महिन्यात कचऱ्याचं वजन वाढलं, म्हणून मी स्वतः काट्यावर जाऊन उभा राहिलो. ट्रक आला. वरची ताडपत्री कडकडीत कोरडी आणि खालून धार लागलेली. ड्रायव्हरला म्हटलं, “हे काय रे?” म्हणाला, “साहेब, शहाळी आहेत.” ताडपत्री काढायला लावली, तर एक शहाळं दिसेना. तेव्हा म्हणाला, “मग पाणी तेवढं राहिलं असेल.” (मोठा हशा) गाडी वाटेत एका विहिरीवर थांबायची, हे नंतर कळलं. पुढे त्याच ठेकेदाराच्या मुलाच्या लग्नात... नको, अध्यक्ष घड्याळ बघतायत.

तर शेवाळातलं पाणी न वाहता काम कसं करायचं, हे दोघांनी दाखवलं. एक मेक्सिकोतल्या प्वेर्तो मोरेलोसचे ओमर वास्केस. हे मूळचे रोपवाटिकावाले. त्यांनी किनारा साफ करण्याचं काम घेतलं, शेवाळाचं खत केलं आणि मग विटा पाडल्या. त्यांच्या ‘सार्गाब्लॉक’मध्ये सुमारे ४० टक्के शेवाळ, बाकी माती वगैरे. २०१८ मध्ये पहिलं घर उभं राहिलं, त्याला नाव दिलं आईचं: ‘कासा आंजेलिता’. यात गोम अशी की पाणी उन्हानं फुकट काढलं आणि वीट गावातच पडली. बार्बाडोसमध्ये वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या लेजेना हेन्री यांनी तर पाणी काढण्याची भानगडच ठेवली नाही. रमच्या कारखान्यांचं सांडपाणी आणि ओलं शेवाळ एकत्र कुजवायचं आणि त्या वायूवर मोटार चालवायची.

मागून कुणीतरी ‘पशुखाद्य’ म्हणालं. अहो, या शेवाळात आर्सेनिक साठतं! मेक्सिकोच्या किनाऱ्यावरच्या बहुतेक नमुन्यांत ते युरोपातल्या पशुखाद्याच्या मर्यादेपलीकडे निघालं. गुरांना नको आणि तपासल्याशिवाय भाजीच्या वाफ्यातही नको.

कोकणातल्या मंडळींचा हात वर आहे. होय, सार्गासम आपल्याकडेही आहे, पण ते खडकाला धरून वाढतं. त्याचा कुणाला उपद्रव नाही, तेव्हा तुम्हीही त्याला देऊ नका.

चिठ्ठी आली, आवरतो. किनाऱ्यावरचं शेवाळ दोन दिवसांत कुजायला लागतं. सडक्या अंड्यांचा वास सुटतो, पर्यटक पळतात. म्हणजे किनारा साफ राहण्यात ज्यांचा फायदा, त्या हॉटेलांनी आणि सरकारनं उचलण्याचा खर्च सोसावा. तो विटेच्या किंवा खताच्या किमतीत घातलात तर धंदा पहिल्याच हंगामात झोपेल. आणि पैसे वजनावर देऊ नका, किनारा किती लांब साफ झाला त्यावर द्या. वजनावर दिलेत तर विहीर कुठेही सापडते. (हशा)

उद्या कुणी असला प्रकल्प अहवाल घेऊन तुमच्याकडे भांडवल मागायला आलं, तर विक्रीचे तक्ते बाजूला ठेवा आणि वाहतुकीचं पान काढा. ते कोरं असेल तर चहा पाजा, पैसे देऊ नका.