आगोटीची बेगमी आणि संकटकाळची पिशवी



वसईच्या किनाऱ्यावर ‘आगोट’ हा शब्द अद्याप जिवंत आहे. आगोट म्हणजे पावसाळ्याचे तोंड. त्या तोंडाशी घरात जी भरणी करावयाची, ती आगोटीची बेगमी. वैशाखाचे ऊन तापू लागले की पाचूबंदर, नायगाव, अर्नाळा येथे बोंबील, जवळा, करंदी वाळत पडते. बागायतदारांच्या अंगणात वाल, मिरच्या, पापड येतात. राजेळी केळ्यांची सुकेळी डब्यांत भरली जातात. पूर्वेकडील डोंगरपट्टीत सरपणाची फाटी रचली जाते, कुडाच्या घरांची छपरे शाकारली जातात. होड्या किनाऱ्याला लागणार, ओढ्यांना पूर येणार, बाजाराची वाट बंद होणार, हे पूर्वीच्या माणसाने गृहीतच धरलेले असे. त्यासाठी त्याला कोणा अधिकाऱ्याने पत्रक पाठविले नव्हते.

ही बेगमी एका दिवसात होत नसे, ही तिच्यातील मुख्य गोष्ट होय. आज पायलीभर वाल, पुढल्या आठवड्यात मिठाचे मडके, मग मसाला, मग दोन पाट्या गोवऱ्या. मजुरीवर पोट असलेले घरही थोडे थोडे करून आगोट भरीत असे. संकटकाळासाठी घरात सामान ठेवावे असा उपदेश आज सर्वत्र केला जातो, आणि त्याच्या वीस-तीस वस्तूंच्या याद्याही छापल्या जातात. त्या याद्या शहरातील पगारदार माणसास उपयोगी पडत असतील. पण मीठागरावरील मजुराने वा वीटभट्टीवरून चार महिन्यांसाठी गावी परतलेल्या कुटुंबाने ती यादी वाचली, तर एवढे सामान एकदम कोठून आणावे या विचारानेच ते कुटुंब यादी बाजूला ठेवील. त्यास आगोटीची रीत सांगितली तर मात्र ते ऐकेल, कारण ती त्याच्या आजीची रीत आहे.

आता प्रश्न असा निघेल की, बाजार जवळ आला, दुकाने दारात आली, मग बेगमीची गरजच काय उरली? याचे उत्तर 2018 च्या जुलैने दिले. त्या महिन्याच्या 10 तारखेस वसई, नालासोपारा, विरार हा सारा भाग पाण्याखाली गेला. लोहमार्ग बुडाल्यामुळे वडोदरा एक्स्प्रेस नालासोपाऱ्याजवळ अडकून पडली व राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलास बोटी घेऊन उतारूंच्या मदतीस यावे लागले. वसईच्या मीठागरांतील वस्तीला पाण्याचा वेढा पडला व शेकडो माणसे तेथे अडकली. वीज गेली. वीज गेली म्हणजे पंप थांबला, पंप थांबला म्हणजे चहूकडे पाणी असून प्यावयास पाणी नाही. वीज नाही म्हणून भ्रमणध्वनी बंद, आणि नातलगांचे क्रमांक तर त्या यंत्रातच! बाजार जवळ येण्याने माणसाची सोय झाली, पण त्याचा एकही दिवस आता विजेवाचून निभत नाही. पूर्वीचे घर चार महिने स्वतःच्या बळावर राहू शकत होते. तानसा नदीकाठच्या गावांना हे वेगळे सांगावयास नको. पांढरतारा व मेढे येथील पूल मोठ्या पावसात पाण्याखाली जातात आणि पलीकडील पाड्यांचा संबंध तुटतो. अर्नाळ्याच्या किल्ल्याचे बेट व खाडीतील पाणजू बेट यांना तर होडी हाच रस्ता.

दुसरी गोष्ट ऋतूची. आगोट मृगाशी बांधलेली होती. परंतु वादळे मृगाची वाट पाहात नाहीत. ‘निसर्ग’ चक्रीवादळ 2020 च्या जूनच्या 3 तारखेस रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. ‘तौक्ते’ 2021 च्या मे महिन्यात, 17 तारखेस, वसईच्या समोरून समुद्रातून पुढे गुजरातेकडे गेले आणि जाताना झाडे, केळीच्या बागा व विजेचे खांब आडवे करून गेले. त्याआधी 2009 चे ‘फयान’ नोव्हेंबरात आले होते आणि 2017 चे ‘ओखी’ डिसेंबरात. ह्याच पालघर जिल्ह्यात, डहाणू-तलासरीच्या बाजूस, 2018 च्या नोव्हेंबरपासून भूकंपाचे धक्के सुरू झाले, धुंदलवाडी हे नाव वृत्तपत्रांत नित्य येऊ लागले, आणि 2019 च्या फेब्रुवारीत 4.1 तीव्रतेचा धक्का बसला. भूकंपाला तर नक्षत्रच नाही. यावरून आगोटीच्या जुन्या रीतीत दोन फेर करावयास हवेत. बेगमीचा काही भाग बारमाही असावा. आणि त्यातील थोडा भाग उचलून नेता येईल असा असावा. पुराच्या वेळी घरात अडकून राहावे लागते, तेथे मडक्या-डब्यांतील साठा कामी येतो. धक्का बसला वा ओढ्याचे पाणी दारात आले तर घर सोडावे लागते. तेथे खांद्याला लावता येईल अशी एक पिशवीच काय ती उपयोगाची.

पिशवीचा आरंभ पैशावाचून होतो, हे मुलांना प्रथम सांगावे. पहिल्या आठवड्यात फक्त एक कागद. त्यावर नात्यातील दोघांचे व शाळेचे क्रमांक, आणि त्याखाली 112 हा आणीबाणीचा, 108 हा रुग्णवाहिकेचा व 1077 हा जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक. कागद मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहावा. शुद्धलेखनाचा तास याच कामी लावला तर बिघडत नाही. त्यातील एक क्रमांक प्रत्येक मुलास पाठ असावा. दुसऱ्या आठवड्यात झाकण घट्ट बसणाऱ्या दोन बाटल्या स्वच्छ धुऊन, पाण्याने भरून. त्यातील पाणी महिन्याने बदलावे. तिसऱ्यात घरातील कागदपत्रे जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत. मग काडेपेटी, तीही झाकणाच्या डबीत; ओल्या काडेपेटीचा अनुभव कोकणपट्टीत कोणाला नाही? मग विजेरी. तिच्यातील सेल काढून वेगळे ठेवावेत, नाही तर ते आतल्या आत पाझरून विजेरी ऐन वेळी निकामी होते. मेणबत्ती स्वस्त खरी. पण कुडाच्या वा गवताच्या घरात, रॉकेल-गॅस जवळ असता, मेणबत्तीने एका संकटाची दोन संकटे होतात. सेलवर चालणारा जुना रेडिओ ज्या घरी असेल त्याने तो टाकून देऊ नये.

पाण्याचा हिशेब हे चौथीचे उत्तम उदाहरण आहे. पिणे व स्वयंपाक धरून माणशी दररोज सुमारे 4 लिटर पाणी लागते. घरात 5 माणसे. मदत पोचेपर्यंत 3 दिवस धरले तर 60 लिटर, म्हणजे 15 लिटरचे 4 हंडे. हवामान खात्याचा इशारा आला की वीज असतानाच हे चार हंडे भरून झाकावेत. उदाहरण फळ्यावर सोडवून झाले की मुलाने आपल्या घरची माणसे मोजून ते पुन्हा करावे. त्याच्या वहीतील उत्तर हेच त्याच्या घरचे मोजमाप होय.

खाण्याच्या बाबतीत बाहेरून काही आणण्याची गरज थोडी. विस्तवाशिवाय खाता येतील असे पदार्थ पाहिजेत: चणे, गूळ, भाजलेले शेंगदाणे, पोहे, चुरमुरे, आणि ज्यांच्या घरी होतात त्यांची सुकेळी. सुका बोंबील भाजावा लागतो व त्याने तहान वाढते, म्हणून तो साठ्यात असावा, पिशवीत नसावा. नवे आणले की जुने आधी खावे. आया हा नियम कणगीच्या बाबतीत पाळतातच. औषधात, वृद्धांची रक्तदाबाची वा मधुमेहाची रोजची गोळी निदान आठवड्याची शिल्लक असावी. पुरानंतर जुलाब सुरू होतात. तेव्हा उकळून निवविलेल्या 1 लिटर पाण्यात सपाट 6 चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण मुलींना व मुलांना सारखेच पाठ हवे. पायाला जखम असता पुराच्या पाण्यात चालावे लागले आणि पुढे ताप आला, तर घरगुती उपाय न करता आरोग्य केंद्र गाठावे. लेप्टोस्पायरोसिसचा ताप अशाच पाण्यातून येतो. मासिक पाळीच्या वेळी लागणारे कापड वा पॅड पिशवीत असावे, हे शिक्षिकांनी मुलींशी स्पष्ट बोलावे. याद्यांतून ही वस्तू बहुधा वगळलेली असते.

येथे एक सावधगिरी. पिशवी ही शाळेत तपासण्याची वस्तू नव्हे. कोणाच्या घरी झाली, कोणाच्या झाली नाही, याचा तक्ता भिंतीवर लागता कामा नये. ज्या घरी संध्याकाळच्या तांदळाची विवंचना आहे, तेथे चण्याचा डबा बाजूला ठेवा असे सांगणे ही क्रूर थट्टा ठरेल, आणि हात वर न करू शकलेले मूल दुसऱ्या दिवशी शाळेत येणार नाही. अशा पाड्यावर पाच-सात घरांची मिळून एक पिशवी करता येते. पिशवी कोणाच्या घरी राहील हे पाड्याने ठरवावे, आणि महिला बचत गट वा ग्रामपंचायत विजेरी व दोर यांचा भार उचलू शकते. कागद, क्रमांक आणि भरलेली बाटली एवढे तर प्रत्येक मूल करू शकते. शिक्षकाने मोठ्याने कौतुक करावयाचे ते एवढ्याचेच.

कागदपत्रांविषयी थोडे अधिक बोलणे अवश्य आहे. शिधापत्रिका, आधारपत्र, बँकेचे पुस्तक, सातबाऱ्याचा उतारा हे सारे पुन्हा मिळविता येते, पण त्यासाठी रोज बुडतो, आणि जातीचा दाखला गेलेल्या आदिवासी मुलाची शिष्यवृत्ती व वसतिगृहातील प्रवेश अडतो. दाखल्याची छायाप्रत नातलगाच्या घरी असावी. ज्यांना शक्य आहे त्यांनी डिजिलॉकरमध्येही ठेवावी. पण या साऱ्या दाखल्यांचे मूळ कोठे आहे? ते शाळेच्या जनरल रजिस्टरात आहे. आजोबा कोणत्या साली पहिलीत दाखल झाले आणि त्यांच्या नावापुढे कोणती जात लिहिली, ही 1950 पूर्वीची एक ओळ आज नातवाच्या पडताळणीत निर्णायक ठरते. ते रजिस्टर भिजले तर त्या गावाचा जो पुरावा जाईल तो कोणत्याही बाजारात मिळणार नाही. अनेक शाळांतून हे रजिस्टर लाकडी कपाटाच्या तळच्या खणात, वाळवीच्या आणि पाण्याच्या हाताशी पडलेले असते.

म्हणून गावाला पिशवी सांगण्यापूर्वी शाळेने आपली बांधावी. जुनी रजिस्टरे वरच्या खणात, प्लॅस्टिकच्या दुहेरी वेष्टनात ठेवावीत. प्रत्येक पानाचे छायाचित्र घेऊन त्याची एक प्रत केंद्रशाळेत ठेवण्याविषयी केंद्रप्रमुखांशी बोलावे. शाळा मे महिन्याच्या सुटीसाठी बंद होते, आणि 2021 चे वादळ नेमके सुटीच्या दिवसांतच आले. तेव्हा हे काम सुटीपूर्वीच्या शेवटच्या शनिवारी उरकावे, आणि कपाटाची दुसरी किल्ली गावात कोणापाशी ठेवली आहे ते शाळा व्यवस्थापन समितीच्या नोंदवहीत लिहून ठेवावे.