जिवाला लागलेला घोर

माहूरच्या गडावर रेणुकामातेपुढे हात जोडून उभ्या राहणाऱ्यांत कोणी नवस फेडायला आलेला असतो, कोणी दुखणे घेऊन आलेला असतो. त्यांतही ज्याला डॉक्टरांनी ‘कॅन्सर’ हा शब्द ऐकवला आहे, त्याचा घोर निराळाच. आज त्या घोराविषयी थोडे बोलू या.

समजा, माहूर तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावरची बाई आहे. नांदेडला तपासणी झाली. ती खचेल म्हणून घरच्यांनी रोगाचे नाव तिच्यापासून लपवले. पण तिला का ते कळत नाही? लेक नजर चुकवतो, सून चुलीपुढे डोळ्यांना पदर लावते. मग ती रात्रभर एकटीच आढ्याकडे बघत पडते. माझ्या मते, ही लपवाछपवीच माणसाला आधी पोखरते. म्हणून तिला विचारावे, “आई, तुला समदं सांगू का?” ती हो म्हणाली, तर झेपेल तेवढे खरे सांगावे. रडली तर रडू द्यावे. “रडलीस तर गाठ वाढंल,” असे म्हणू नये. शास्त्र तसे सांगत नाही. आधीच दुखणे, त्यात हा दोष आणखी कशाला? आणि हा रोग शिवल्याने लागत नाही. तिचे ताट-तांब्या वेगळे काढू नका.

निम्मा घोर पैशाचा आणि वाटेचा असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. २०१२ साली ही योजना दुसऱ्या नावाने ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत आपला नांदेड होता. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. रेशनकार्ड घेऊन त्याला गाठावे. मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात (ते १९४१ सालापासूनचे) जायचे झाले, तर किनवटहून नंदीग्राम एक्स्प्रेस मिळते. उपचारासाठीच्या प्रवासाला रुग्णालयाचा दाखला दाखवला, की स्लीपरच्या डब्यात रुग्णाला भाडे माफ असते, सोबत्यालाही सवलत मिळते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत असे पुष्कळ रुग्ण उतरतात. “तुमची कितवी किमो?” इथून ओळख होते. ज्याचे केस गळून पुन्हा उगवले, त्याने टोपी काढून डोके दाखवले, की नव्या माणसाला जो धीर येतो, तो आपल्या शंभर शब्दांनी येत नाही.

गडावर जरूर जा, पण उपचाराची तारीख चुकवून नको. झोप उडाली, अन्न जाईना, जगणे नको वाटू लागले, तर तेही डॉक्टरांना सांगावे. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा फोन रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येते.

आणि गुरुजी, एक काम तुमचे. डॉक्टरांसमोर गेल्यावर खेड्यातल्या माणसाची वाचा बसते. मुंबईला निघण्यापूर्वी त्याचे चार प्रश्न मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून द्या. त्याचे पोर वर्गात गप्प बसत असेल, तर बाजूला घेऊन सांगा, “बाळ, तुझ्यामुळं आई आजारी पडली नाही.” पुष्कळ पोरांना तसेच वाटत असते.