कार्डातले चित्रण संगणकावर : उतरविणे, जोडणे, जपणे

(शिरोली औद्योगिक वसाहतीत झालेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काही पालकांना वाटले असेल, की कॅमेरा हे शौकाचे प्रकरण. शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावर त्याचे काय काम? शंका रास्त आहे. पण ज्या कोल्हापुरात आपण राहतो, तेथे ती फार वेळ टिकू नये. आनंदराव पेंटर आणि बाबूराव पेंटर यांनी याच गावात स्वतःच्या हातांनी चित्रपटाचा कॅमेरा बनविण्याचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ साली निवर्तले. बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीने १९१८ पर्यंत तो कॅमेरा पुरा केला. गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल दिले, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. शिरोलीच्या लेथवर काम करणाऱ्या माणसाला या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको.

या कथेची दुसरी बाजू मात्र आपण सांगत नाही. तो ‘सैरंध्री’ आज पाहायला मिळत नाही. त्या काळातले बहुतेक मूकपट असेच गेले. नायट्रेटची फिल्म चटकन पेट घेणारी, कुजणारी. आणि खेळ संपल्यावर तिचे काय करायचे याची फिकीर कोणाला नव्हती. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले ते १९६४ साली. तोवर पुष्कळसे हातचे गेले होते. चित्रण करणे आणि चित्रण जपणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. पहिल्याची हौस सर्वांना असते, दुसऱ्याला कंटाळा येतो. मी आज दुसऱ्या कामाविषयी बोलणार आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात एक छोटा कॅमकॉर्डर पडून आहे. आखातात नोकरीला असलेल्या चाचांनी किंवा मामूंनी साधारण २००८ ते २०१५ च्या दरम्यान आणलेला. पुढे मोबाईल आला आणि कॅमेरा डब्यात गेला. कार्ड मात्र आतच राहिले. त्या कार्डात बहिणीचा निकाह आहे, वलीम्याची पंगत आहे, आज हयात नसलेल्या नानींचा आवाज आहे. मेमरी कार्ड ही कायमची तिजोरी नव्हे. त्यातली नोंद विजेच्या सूक्ष्म भारावर टिकते आणि वर्षानुवर्षे पडून राहिल्यास तो भार हळूहळू झिरपून जातो. म्हणून घरी गेल्यावर पहिले काम हे, की ते कार्ड शोधावे आणि त्याच्या कडेची बारीक खिट्टी ‘लॉक’ बाजूला सरकवावी. मग चुकूनही काही पुसले जात नाही.

आता उतरविण्याविषयी. सोनी आणि पॅनासॉनिक या कंपन्यांनी २००६ साली एव्हीसीएचडी नावाची पद्धत आणली; कार्डावर चित्रण करणारे पुष्कळसे घरगुती कॅमेरे ती वापरतात. कार्ड संगणकात घातले की ‘प्रायव्हेट’ नावाचा फोल्डर दिसतो, त्यात ‘एव्हीसीएचडी’, त्यात ‘बीडीएमव्ही’ आणि त्याच्या आत ‘स्ट्रीम’. चित्रण असते ते या शेवटच्या फोल्डरात, ‘०००००.एमटीएस’, ‘००००१.एमटीएस’ अशा नावांनी. मुले हुशार असतात. ती थेट तेथे जातात, तेवढ्याच फाईली उचलतात आणि बाकीचे कचरा समजून सोडतात. नुकसान होते ते येथे. कार्डाच्या जुन्या रचनेत एक फाईल ४ जीबीहून मोठी होऊ शकत नाही. म्हणून लांब चित्रण कॅमेरा आपणच तोडतो. काही कॅमेरे २ जीबीलाच तोडतात. कोणता तुकडा कोणाच्या पाठीमागे जोडायचा, याची नोंद शेजारच्या फोल्डरांत असते. ती सोडून नुसते तुकडे आणले आणि एकामागे एक ठेवले, तर काही प्रणालींत सांध्यावर आवाज क्षणभर तुटतो. भाषणातला नेमका शब्द तेथेच असला, तर तो गेला. म्हणून नियम साधा ठेवावा : कार्डावरचे सगळे, जसेच्या तसे, एका नव्या फोल्डरात उतरवावे.

त्या फोल्डराला नाव काय द्यावे? येथील फौंड्रीत काम करणाऱ्यांना याचे उत्तर आधीच ठाऊक आहे. ओतकामावर हीट नंबर टाकतात तो कशासाठी? उद्या तक्रार आली तर माल कोणत्या घाणाचा हे कळावे म्हणून. फोल्डरावरही तारीख, प्रसंग आणि कार्डाचा क्रमांक लिहावा : ‘२०११-०५-१४ निकाह कार्ड १’ असे. याची गरज आणखी एका कारणाने आहे. अनेक कॅमेरे कार्ड कोरे केले की पुन्हा ००००० पासून मोजू लागतात. म्हणजे दोन कार्डांवर एकाच नावाच्या दोन फाईली. दोन्ही एकाच फोल्डरात टाकल्या, की संगणक विचारतो, ‘आधीची बदलू का?’ घाईतला मुलगा ‘हो’ म्हणतो. आपल्या वसाहतीतल्या एका कुटुंबात अशा रीतीने मेंदीची सबंध रात्र पुसली गेली आणि ते कळले सहा महिन्यांनी. तोवर कार्डही पुन्हा वापरून झाले होते.

कार्ड पुन्हा वापरले नसते, तर आशा होती. ही गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. फाईल पुसली किंवा कार्ड कोरे केले म्हणजे बहुधा फक्त अनुक्रमणिका फाटते. पाने तशीच असतात. त्यावर नवे चित्रण न करता कार्ड तत्काळ बाहेर काढले, तर ‘फोटोरेक’सारखी विनामूल्य प्रणाली पुष्कळ काही परत आणू शकते. सगळे येईलच असे नाही, लांब फाईली तुकड्यांत येतात, नावे जातात. पण हळहळत बसण्यापेक्षा ते बरे.

वेळ आणि जागा यांचाही हिशेब सांगतो, कारण पालकांना खर्चाचा अंदाज हवा असतो. एव्हीसीएचडीच्या सामान्य दर्जात सेकंदाला १७ मेगाबिट धरले, तर एका तासाला साडेसात जीबीच्या वर जागा लागते. २४ मेगाबिट धरले, तर पावणेअकरा जीबी. १६ जीबीचे कार्ड साध्या कार्ड रीडरमधून सेकंदाला २० एमबी वेगाने उतरविले, तर सुमारे साडेतेरा मिनिटे लागतात. तेवढ्यात चहा होतो. मध्येच कार्ड ओढू नये. उतरवून झाले की दोन्हीकडच्या फाईलींची संख्या आणि एकूण आकार ताडून पाहावा आणि पहिली, मधली, शेवटची अशा तीन फाईली लावून बघाव्यात. गेज न लावता जॉब पुढे पाठवत नाहीत, तसेच हे.

आता संपादन. येथे एक भीती असते, की कापताना मूळ चित्रण बिघडेल. तसे होत नाही. फौंड्रीत पॅटर्न असतो, त्यावरून साचा होतो, साच्यातून ओतकाम निघते. बिघडले तर ओतकाम बिघडते, पॅटर्न तसाच राहतो. संपादनाच्या प्रणालीत मूळ फाईल हा पॅटर्न समजा. आपण कात्री चालवतो ती कागदावरच : अमुक फाईल, अमुक सेकंदापासून अमुक सेकंदापर्यंत. शेवटी त्या नोंदीबरहुकूम एक नवी फाईल तयार होते. मात्र संपादन चालू असताना मूळ फोल्डरची जागा किंवा नाव बदलू नये; प्रणाली त्याच पत्त्यावर शोधते आणि सापडले नाही की पडदा काळा.

यासाठी पैसे खर्चण्याची गरज नाही. ‘शॉटकट’ आणि ‘केडेनलाईव्ह’ या प्रणाली विनामूल्य आहेत आणि बेताच्या संगणकावरही चालतात. ‘दा विंची रिझॉल्व्ह’ची एक आवृत्तीही फुकट मिळते, पण तिला भारी यंत्र लागते. चित्र अडखळू लागले तर ‘प्रॉक्सी’ म्हणजे हलकी कामचलाऊ प्रत करून तिच्यावर काम करावे. अंतिम फाईल मूळ प्रतीवरूनच निघते. आपल्याकडच्या कॅमेऱ्यांतून बहुधा सेकंदाला २५ चौकटी येतात आणि जुन्या कॅमेऱ्यांत प्रत्येक चौकट दोन अर्ध्या भागांत विणलेली असते. संगणकावर हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात ते यामुळे. कॅमेरा बिघडला असे समजून दुकानात नेऊ नये. अंतिम फाईल काढताना ‘डीइंटरलेस’ हा पर्याय निवडला की दात जातात.

कापावे किती, हा प्रश्न यंत्राचा नाही. लग्नाची तीन तासांची फिल्म घरचेही पाहत नाहीत. वीस मिनिटांची दहा वेळा पाहतात. बदाम उडणारे आणि पाने उलटणारे नखरे टाळावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पण एक अपवाद. घरातले वडीलधारे बोलत असतील, तर ते मूळ बोलणे अखंड, न कापता वेगळे ठेवावे. आज आपल्याला कंटाळवाणी वाटणारी विश्रांती आणि खोकला यांचीच उद्या नातवंडांना ओढ वाटेल.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक काम सुचवितो. लाकडी पॅटर्न हाताने घडविणारे कारागीर आता कमी होत चालले आहेत. रेखाटन संगणकावर होते आणि कोरीव काम यंत्र करते. लोखंड आटताना किती आकसेल याचा अंदाज घेऊन पॅटर्न किंचित मोठा ठेवणारी ती नजर कोणत्या पुस्तकात पूर्णपणे उतरलेली नाही. अशा एखाद्या चाचांच्या शेजारी बसा, मालकांची परवानगी घ्या आणि त्यांचे हात आणि बोलणे टिपा. रस ओततानाचे चित्र घ्यायचे असेल तर ठरवून दिलेल्या रेषेच्या मागे उभे राहा. सुमारे १४०० अंशांचा तो उजेड पाहून कॅमेरा बाकी सगळे अंधारे करतो, तेव्हा उजेडाचे प्रमाण हाताने ठरवून ठेवा. वाळूची धूळ उडत असताना कार्ड बदलू नका.

राहिला जपण्याचा प्रश्न. ऑगस्ट २०१९ मध्ये येथे शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि पुणे-बंगळूर रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. पाणी उतरल्यावर लोकांनी गाद्या, धान्य उन्हात टाकले. अल्बममधले फोटो एकमेकांना चिकटलेले निघाले, कॅसेटींत गाळ होता. एका हार्ड डिस्कवर सारे ठेवून ती त्याच लोखंडी कपाटात ठेवली, तर आपणही तेच करतो आहोत. दोन प्रती करा. एक घरी, दुसरी दुसऱ्या गावातल्या, उंचावर राहणाऱ्या नातेवाइकाकडे. वर्षातून एकदा, ईदच्या साफसफाईच्या वेळी म्हणा, दोन्ही चालू करून पाहा. दोन्ही प्रती ताडून झाल्यावरच कार्ड कॅमेऱ्यात घालून कॅमेऱ्यातूनच कोरे करावे.

ज्यांच्याकडे कार्डाच्याही आधीचा, छोट्या डीव्ही कॅसेटचा कॅमेरा आहे, त्यांचे काम निराळे आहे. तासाची कॅसेट उतरवायला तासच लागतो, फायरवायर नावाची जुनी जोडणी लागते आणि ती असलेले संगणक आता सहजी मिळत नाहीत. अशा पालकांनी सभा संपल्यावर थोडे थांबावे, कॅमेऱ्याचे नाव आणि कॅसेटींची संख्या कागदावर लिहून द्यावी. एक जुना संगणक जुळविता येतो का, ते आपण मिळून पाहू.