छातीतली धडधड

ताडकळसच्या बाजारात भाजी घेता घेता एखाद्याच्या छातीत एकाएकी धडधड सुरू व्हावी, दरदरून घाम फुटावा, श्वास पुरेनासा व्हावा आणि 'आता काही मी वाचत नाही' असं त्याला वाटावं. असा प्रसंग तुम्ही पाहिला असेल, कदाचित तुमच्यावरच गुदरला असेल. चार माणसं धावतात, कोणी वारा घालतं, कोणी कांदा हुंगवतं. गाडी करून त्याला परभणीला नेतात. डॉक्टर हृदयाचा आलेख काढतात, रक्त तपासतात आणि म्हणतात, "हृदय ठणठणीत आहे. काही झालेलं नाही."

घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण थोड्याच दिवसांत पुन्हा तोच प्रकार! मग तो माणूस बाजार टाळतो, एसटीत बसत नाही, शेतावर एकटा जात नाही. घरचे म्हणतात, "सोंग आहे." शेजारी म्हणतात, "बाहेरचं असेल." मला आज सांगायचं आहे ते एवढंच, की हृदयाला काही झालेलं नाही, म्हणजे माणसाला काही झालेलं नाही, असं नव्हे.

हा आजार आजकालचा नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धात अनेक सैनिकांना अशीच धडधड होई. डा कोस्टा नावाच्या डॉक्टरांनी १८७१ साली त्यांच्यावर निबंध लिहिला आणि दुखण्याला 'चिडखोर हृदय' असं नाव दिलं. १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या सूचीत 'पॅनिक डिसऑर्डर' हा स्वतंत्र आजार म्हणून नोंदला गेला.

यात होतं काय? वाटेत साप दिसला, तर शरीर पळायची तयारी करतं. ॲड्रिनलिन रक्तात उतरतं, नाडी धावते, श्वास वाढतो. या आजारात साप नसतानाच ही तयारी होते. श्वास भराभर घेतल्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. म्हणून हाताला मुंग्या येतात, डोकं गरगरतं. झटका बहुधा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोचतो आणि मग ओसरू लागतो.

तरीपण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. छातीत कळ आली, ती हातात किंवा जबड्यात गेली, तर 'भीतीच असेल' म्हणून घरी बसू नका. १०८ ला फोन करा. आधी हृदय तपासायचं, मग मनाकडे वळायचं. रक्त कमी असणं, थायरॉईड वाढणं यांनीही धडधड होते. तेही पाहून घ्यावं.

औषधाची गोष्ट मोठी गमतीची आहे. १९५७ साली स्वित्झर्लंडच्या रोलंड कून यांनी इमिप्रामीन हे औषध उदासीनतेवर गुणकारी असल्याचं सांगितलं. पुढं न्यूयॉर्कजवळच्या हिलसाइड रुग्णालयात डोनाल्ड क्लाइन यांनी ते घाबरणाऱ्या रुग्णांना दिलं. एक रुग्ण दिवसातून अनेकदा 'मी मरतोय' म्हणत परिचारिकांकडे धाव घेई. औषधाचे काही आठवडे गेले, तरी तो म्हणे, "मला गुण नाही." पण परिचारिकांच्या लक्षात आलं, की तो आता धावत येतच नाही!

हीच गोष्ट आजच्या औषधांची. सर्ट्रालीन, एसिटालोप्राम यांसारख्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीला मळमळ होते, अस्वस्थता थोडी वाढतेही. म्हणून डॉक्टर लहान मात्रेपासून आरंभ करतात. जीव नकोसा वाटू लागला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावं. बरं वाटलं की गोळी फेकून देऊ नका. बहुधा काही महिने ती चालू ठेवावी लागते आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू उतरवावी लागते. या गोळ्यांची झोपेच्या गोळ्यांसारखी चटक लागत नाही. जोडीला समुपदेशन घेतलं, तर टाळलेला बाजार पुन्हा थोडा थोडा जवळ करता येतो.

जवळ तज्ज्ञ नसेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर मराठीतून बोलता येतं. पैसे पडत नाहीत.

आणि घरच्यांनो, झटका आला तर "सोंग करू नकोस" असं म्हणू नका. शेजारी बसा, हात धरा, सावकाश श्वास सोडायला सांगा. त्याची भीती तुम्हाला दिसत नसली, तरी त्याच्यापुरती ती अगदी खरी असते.